प्रकाशसंश्लेषण: प्रकाशाचे की प्रकाशाने?

प्रश्न असा आला आहे: ‘वाक्यसंश्लेषण’ म्हणजे वाक्यांचे संश्लेषण, मग ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणजे प्रकाशाचे संश्लेषण का? आणि ‘झाडे सूर्यप्रकाश साठवतात’ हे वाक्य चालेल का?

आधी समास. हा षष्ठी तत्पुरुष नव्हे, तृतीया तत्पुरुष. तोंडाने पाठ ते तोंडपाठ, तसे प्रकाशाने झालेले संश्लेषण. ‘श्लिष्’ म्हणजे चिकटणे, बिलगणे. आश्लेष आणि श्लेष त्यातलेच. पानात एकमेकांना जोडले जातात ते कार्बन डायऑक्साइडमधून आलेले कार्बनचे अणू. प्रकाश स्वतः कशालाच चिकटत नाही, तो ही जोडणी घडवतो. बंगालीत ‘सालोकसंश्लेषण’ म्हणतात, म्हणजे स-आलोक, प्रकाशासह. तिथे हा घोळ व्हायला वावच नाही. मराठीत मात्र ‘प्रकाश संश्लेषण’ असे तोडून लिहिले की तो वाढतो. सामासिक शब्द आहे, जोडूनच लिहावा.

मूळ इंग्रजी शब्द १८९३ सालचा. तोवर या क्रियेलाही ‘सात्मीकरण’ अशा अर्थाचाच सैल शब्द वापरत. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बार्न्स यांना नेमका शब्द हवा होता, आणि त्यांची पसंती ‘फोटोसिंटॅक्स’ला होती! रुळला तो दुसरा पर्याय, ‘फोटोसिंथेसिस’. बरेच झाले, नाहीतर कुणीतरी त्याची ‘प्रकाशवाक्यरचना’ केली असती.

माझी या शब्दाबद्दल तक्रार एकच. त्यात नुसती जोडणी दिसते, पण प्रकाशाच्या जोरावर आधी होते ती तोडणी. हरितद्रव्याने शोषलेल्या ऊर्जेवर पाण्याचा रेणू फुटतो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन या पाण्यातला, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे. रूबेन आणि कामेन या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा जड अणू असलेला, म्हणून माग काढता येणारा) वापरून याचा पुरावा दिला. पाण्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या बळावर एटीपी आणि एनएडीपीएच हे ऊर्जा वाहणारे रेणू तयार होतात, आणि ते खर्चून केल्व्हिन चक्रात, म्हणजे साखर घडवणाऱ्या अभिक्रियांच्या साखळीत, कार्बन जोडला जातो. या जोडणीत प्रकाशाचा थेट हात नसतो. म्हणजे संश्लेषणाच्या पोटात एक विश्लेषण दडलेले आहे.

आता क्रियापद. ‘प्रकाश साठवतात’ कवितेत शोभेल, विज्ञानाच्या वहीत नको. शोषलेला प्रकाश हरितद्रव्यात सेकंदाच्या अब्जांश भागाइतकाच काळ ऊर्जा म्हणून टिकतो. तेवढ्यात ती पुढे गेली नाही तर उष्णता होऊन किंवा पुन्हा उजेड होऊन निसटते. म्हणून प्रकाश ‘शोषतात’ आणि ऊर्जा ‘साठवतात’. कशात साठवतात तेही जमल्यास सांगावे: पान दिवसा पिष्ट (स्टार्च) करून ठेवते आणि रात्री ते मोडून साखर इतरत्र पाठवते, बटाटा कंदात पुन्हा पिष्ट करतो, भुईमूग दाण्यात तेल करतो, ऊस कांड्यांत साखर तशीच ठेवतो. साखर कारखान्याच्या हिशेबात ‘उतारा’, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, म्हणून दिसते ती हीच.