ओपन सोर्स लायब्ररीतलं जुनं फंक्शन काढण्याआधी किती महिने थांबावं?

तुमची पायथन लायब्ररी आहे, त्यातलं एक जुनं फंक्शन काढायचंय आणि डेप्रिकेट केल्यापासून, म्हणजे 'हे पुढे काढलं जाणार' अशी वॉर्निंग लावल्यापासून, किती महिने थांबायचं, असा तुमचा प्रश्न. आकडाच हवा असेल तर निदान दोन फीचर रिलीज (नवी वैशिष्ट्यं आणणाऱ्या आवृत्त्या), आणि रिलीज भराभर निघत असतील तर निदान एक वर्ष. पण महिने मोजत बसू नका. वॉर्निंग वापरणाऱ्याच्या नजरेला पडलीच नाही, तर चार वर्षंही कमी पडतात.

हे प्रत्यक्ष घडलंय. पायथन पॅकेजची माहिती लिहायच्या सेटअप.सीएफजी फाइलमध्ये 'डिस्क्रिप्शन-फाइल' अशी मध्ये आडवी रेघ असलेली नावं वापरू नका, अंडरस्कोर घाला, अशी वॉर्निंग पॅकेज बांधणाऱ्या सेटअपटूल्सने २०२१ मध्ये सुरू केली. मार्च २०२५ मध्ये ७८.० आवृत्तीत वॉर्निंगच्या जागी थेट एरर आली. चांगली चालू असलेली इन्स्टॉलेशन्स धडाधड पडली आणि काही तासांतच ७८.०.२ काढून तो बदल पुढे ढकलावा लागला.

मुदत तर भरपूर होती, मग चुकलं कुठे? वॉर्निंग छापली जायची बिल्डच्या वेळी, म्हणजे सोर्सपासून पॅकेज बांधताना, आणि बिल्ड यशस्वी झालं की पिप (पॅकेज इन्स्टॉल करणारं टूल) त्याचं आउटपुट दाखवतच नाही. म्हणजे सगळं सुरळीत असेपर्यंत ती ओळ कुणाला दिसणारच नाही. शिवाय पिप प्रत्येक बिल्डसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट उभारतं आणि पॅकेजने मर्यादा घातली नसेल तर त्यात सगळ्यात नवं सेटअपटूल्स आणतं. त्यामुळे ज्यांनी आपल्या प्रोजेक्टमध्ये सेटअपटूल्सची जुनी आवृत्ती पिन (पक्की) करून ठेवली होती, तेही वाचले नाहीत. आवृत्तीच्या मर्यादा लिहायच्या कन्स्ट्रेंट फाइलमध्ये 'सेटअपटूल्स<७८' लिहून ती पिप_कन्स्ट्रेंट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्यावी लागायची, तेव्हा कुठे ती आतल्या बिल्डपर्यंत पोचायची. आणि पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजच्या सार्वजनिक साठ्यावर, एकदा चढवलेली सोर्स फाइल बदलता येत नाही. लेखकाने रिपॉझिटरीत दुरुस्ती केली तरी पाच वर्षांपूर्वीची टारबॉल (सोर्सची गुंडाळलेली फाइल) आहे तशीच राहते, आणि कुणीतरी नेमकी तीच वापरत असतं. ज्या पॅकेजची व्हील, म्हणजे आधीच बांधून ठेवलेली फाइल होती, त्यांना धक्का लागला नाही.

म्हणून 'चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) लिहिलं होतं की' हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. तुमची लायब्ररी कुणाच्या तरी चौथ्या पातळीच्या डिपेन्डन्सीत, म्हणजे त्याने घेतलेल्या पॅकेजला लागणाऱ्या पॅकेजच्याही आत, बसलेली असते. त्या माणसाला तुमच्या प्रोजेक्टचं नावही माहीत नसतं, तो चेंजलॉग कुठून वाचणार?

तुमच्या बाबतीत पहिली गोष्ट म्हणजे स्टॅकलेव्हल, वॉर्निंग कुठल्या ओळीच्या नावावर पडावी हे ठरवणारा आकडा. वॉर्निंग देणारं वॉर्निंग्ज.वॉर्न नुसतं लिहिलंत तर वॉर्निंग तुमच्याच फाइलमधल्या ओळीच्या नावावर पडते. पायथन ३.७ पासून डेप्रिकेशनवॉर्निंग (अशा सूचनांसाठीचा वॉर्निंगचा प्रकार) आपोआप दिसते ती फक्त थेट चालवलेल्या स्क्रिप्टमधून उठली तरच. तुमच्या मॉड्यूलच्या नावावर पडलेली गाळली जाते. स्टॅकलेव्हल=२ दिलंत की बोट कॉल करणाऱ्याच्या ओळीवर जातं. मध्ये तुमचा डेकोरेटर (फंक्शनभोवती गुंडाळलेलं दुसरं फंक्शन) असेल तर ३ लागेल, तेव्हा टेस्टमध्ये फाइलचं नाव तपासून घ्या. टेस्ट चालवणारं पायटेस्ट या वॉर्निंग्ज शेवटी गोळा करून दाखवतं. तुमच्या स्वतःच्या सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) मात्र त्यांना एरर करा, कारण लायब्ररी आतून स्वतःच जुनं फंक्शन वापरत असल्याचं बरेचदा तिथेच सापडतं. सूचना प्रोग्रामरसाठी नसून शेवटच्या वापरकर्त्यासाठी असेल, तर फ्यूचरवॉर्निंग वापरा. ती मुळात लपत नाही.

वॉर्निंगच्या मजकुरात पर्यायी फंक्शनचं नाव आणि कोणत्या आवृत्तीत जुनं जाणार हे हवंच, आणि पर्याय आधीच्या रिलीजमध्ये आलेला हवा. नाहीतर दोन्ही आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना ट्राय-एक्सेप्टचं (आधी नवं, नाही जमलं तर जुनं) ठिगळ लावावं लागतं. पायथनच्या कलेक्शन्स मॉड्यूलमधून मॅपिंग हा क्लास इम्पोर्ट करणाऱ्यांचं हेच झालं. नवी जागा, कलेक्शन्स.एबीसी, आली पायथन ३.३ मध्ये, २०१२ साली. पायथन २ मध्ये ती नव्हतीच, म्हणून ठिगळं वर्षानुवर्षं राहिली. ३.७ मधली वॉर्निंग सांगत होती की जुनी जागा ३.८ मध्ये बंद होईल, मग ३.९ झालं, आणि प्रत्यक्षात गेलं ते ३.१० मध्ये, २०२१ साली. मुदत अशी सरकत राहिली की लोक पुढची वॉर्निंगही मनावर घेत नाहीत. वाढवायचीच असेल तर एकदाच वाढवा, आणि कारण सांगून.

काढल्यावरही तिथे 'आता हे वापरा' अशी पाटी ठेवा. आकडेमोडीच्या नमपाय लायब्ररीने एनपी.फ्लोट हे नाव १.२० मध्ये डेप्रिकेट केलं आणि १.२४ मध्ये काढलं, पण आजही ते लिहिलंत तर एररच सांगते की साधं फ्लोट वापरा. मॉड्यूलच्या पातळीवर गेटअ‍ॅट्र (__getattr__) फंक्शन लिहून हे दहा ओळींत होतं. ही सोय पायथन ३.७ पासून आहे.

हे सगळं १.० च्या पुढे गेलेल्या लायब्ररीसाठी. ०.३ वर असाल तर एवढा सोपस्कार नको, एक रिलीज पुरे. आणि त्या फंक्शनमध्ये सुरक्षेचं भोक असेल तर वॉर्निंगची वाट न पाहता लगेच बंद करा. फक्त जुन्या आवृत्तीच्या शाखेवरही तोच पॅच काढा, म्हणजे ज्यांना मोठी उडी घेता येत नाही ते अडकणार नाहीत.