दार लावून घेणारा नातू

"सासूबाई सोलापूरहून सहा महिन्यांसाठी आल्यात. सोळा वर्षांचा मुलगा शाळेतून आला की खोलीचं दार लावून घेतो. त्या न विचारता उघडतात, तो चिडतो. 'हे काय वळण लावलंस पोराला?' असं मला ऐकवतात. चाळीत वाढल्या आहेत, त्यांना हे पटणारच नाही. त्याचं मराठीही त्यांना कळत नाही. मी कुणाला समजावू?" – डॅलसहून एक वाचक

ताई,

पत्र दोनदा वाचलं. त्यात तुमचे मिस्टर कुठंच सापडले नाहीत. आई त्यांची, मुलगा दोघांचा आणि निरोप्या तुम्ही एकट्या! समजावायला सुरुवात तिथून करा. दाराचा विषय आईपाशी त्यांनीच काढावा. तेच शब्द सुनेच्या तोंडून आले की टोमणा ठरतात, लेकाच्या तोंडून आले की खपून जातात. अन्याय आहे, पण आहे.

आता दार. गिरणीच्या भोंग्यावर जाग येणाऱ्या चाळीत दार रात्रीच लागायचं. भरदिवसा कडी दिसली तर शेजारीण येऊन विचारायची, बरं आहे ना सगळं? बंद दार म्हणजे रुसवा नाहीतर आजारपण. तुमच्या मुलाला मात्र दार लावणं म्हणजे बूट काढून ठेवण्याइतकं साधं वाटतं.

तरी हे निव्वळ पिढ्यांचं भांडण आहे असं मला वाटत नाही. सोलापुरातले नातूही हल्ली दार लावून मोबाईल घेऊन पडतात. माझ्या घरातला पडतो. त्याची आजी रान उठवत नाही, कारण तिला दारावर भाजीवाली आहे, संध्याकाळी सिद्धेश्वराचं देऊळ आहे, तलावाकाठी बसायला मैत्रिणी आहेत. डॅलसला अख्ख्या दुपारी घरात एकच माणूस येतं आणि आल्या आल्या दारामागं जातं. सासूबाईंना खुपते ती दुपार.

म्हणून सौदा करा. शाळेतून आल्यावर त्यानं आधी दहा मिनिटं आजीजवळ स्वयंपाकघरात बसायचं, मग खुशाल दार लावायचं. त्यानंतर आजीनं टकटक केल्याशिवाय उघडायचं नाही.

आणि दुभाषेपणा सोडा. भिंतीपलीकडं तेलुगू, वरच्या मजल्यावर कन्नड, बाजारात सगळं मिसळून, अशा गावात आयुष्य काढलेल्या बाईला मोडकंतोडकं समजून घ्यायची सवय तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असते. तो चुकत बोलला तरी मधे पडू नका.

"बसा, गप्पा मारा" असं सांगून कुणी गप्पा मारत नाही. काम द्या. शेंगा चटणी करायला लावा. मिक्सर आत ठेवा, खलबत्ता काढा. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ. दाण्यांना तेल सुटून चटणी बत्त्याला चिकटायला लागेपर्यंत कुटायचं. आजीचा हात भरून येतो, बत्ता नातवाकडं जातो. "अजून सुटलं नाही, कूट की रे!" इतकं मराठी त्याला पहिल्याच दिवशी कळेल.

एक वाक्य मात्र घरात बंद करा: "हा ना इकडचा ना तिकडचा." डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचेच. 1938 साली चीनला गेले, तिथल्याच ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. 1942 मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्या पोराच्या नावात दोन्ही देश मावले. तुमच्या मुलालाही एकच निवडायला लावू नका.

सासूबाई जानेवारीत तिथंच असतील तर सोलापूरची, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा चुकल्याचं त्यांना फार लागेल. बोलणार नाहीत, भांडी जरा जोरात आपटतील. जत्रेतला अक्षता सोहळा इथं भर दुपारी असतो, म्हणजे तुमच्याकडं मध्यरात्र उलटलेली. त्या वेळी तुमच्या घरात जागं कोण असतं, ते तुम्हाला माहीत आहे. फोनवर थेट प्रक्षेपण लावून द्यायचं काम त्याच्याकडं द्या. उंच उंच नंदीध्वज पाहून तो विचारेलच, काठ्यांवर अक्षता कशाला टाकतात? त्याचं उत्तर, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लावलेल्या कुंभारकन्येच्या गोष्टीसकट, आजीकडं आहे. तुम्ही दोघं तेव्हा झोपा.