गुलमर्गला पहिल्यांदा स्कीइंग: मुक्काम कुठे करावा?

बेळगाव-निपाणीकडून पहिल्यांदाच जाताय, तर मुक्काम गुलमर्गमध्येच करा. स्वस्त पडतं म्हणून खाली पायथ्याच्या तंगमर्ग गावात राहू नका. अंतर जेमतेम १३ किलोमीटर, पण बर्फ पडला की चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच वर सोडतात आणि शिकण्याची सकाळ रस्त्यातच जाते. नवशिक्यांचे उतार गोंडोलाच्या (केबल कारच्या) तळाजवळ आहेत. तिथून पाच-दहा मिनिटं चालत पोचता येईल अशी खोली बघा. स्कीचे बूट कडक असतात, त्यात अर्धा किलोमीटरही जड जातो.

बुकिंगआधी फोन करून विचाराच: वीज गेल्यावर जनरेटर किती वाजेपर्यंत चालतो? बूट वाळवायला गरम जागा आहे का? खोलीत बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी) असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवा, बंद खोलीतला धूर जीवघेणा ठरतो.