बर्नआउटवर, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्यावर, शवासन किंवा योगनिद्रेचा (आडवे पडून, सूचना ऐकत घेतलेल्या विश्रांतीचा) खरोखर उपयोग होतो का? फरक किती दिवसांत जाणवतो?

उपयोग होतो, आणि तो मी स्वतः घेतलेला आहे. परंतु आपण 'किती दिवसांत' असे विचारले आहे, त्याचे उत्तर केवळ शवासनावर अवलंबून नसते.

मी बँकेत आहे. शाखेत दोघांचे काम दोन वर्षे एकटीने सांभाळत होते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्तिवेतनधारकांची रांग लागलेली असताना एका आजोबांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला आणि मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी मुकाट्याने कागद पिशवीत घातले व ते निघून गेले. ते दृश्य आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याच आठवड्यात मी घराजवळच्या योगवर्गाला जाऊ लागले. पहिल्याच शवासनात शिकवणाऱ्या बाईंनी माझे मनगट जमिनीपासून वीतभर उचलून सोडून दिले, तर हात खाली पडण्याऐवजी तसाच अधांतरी राहिला. "ताई, हात सोडा," त्या म्हणाल्या. मला मात्र तो सोडलेलाच वाटत होता. जबडा आवळलेला होता, जीभ टाळूला चिकटलेली होती, आणि यातले काहीही मला ठाऊक नव्हते. तो हात सैल पडायला तीन आठवडे लागले. ज्यांना असे सोडता येत नाही त्यांनी एकेक स्नायू आधी घट्ट आवळून मग ढिला करावा; एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची स्नायू शिथिल करण्याची पद्धत अशीच आहे.

शवासन म्हणजे नुसते पडून राहणे, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी उच्च रक्तदाबाच्या 47 रुग्णांवर केलेला शवासनाचा अभ्यास 1969 मध्येच प्रसिद्ध झालेला आहे आणि त्यातील काहींची औषधे कमी करता आली होती.

माझा वाद आमच्या तेव्हाच्या वरिष्ठांशी आहे. मी रजा आणि जोडीला एक माणूस मागितला, तेव्हा "योगवर्गाला जाता ना, मग रजा कशाला?" असे त्यांनी सर्वांसमोर विचारले आणि पुढच्याच महिन्यात रविवारी ताणमुक्तीचे शिबिर ठेवले. थकलेल्या माणसाचा रविवार घेऊन त्याला विश्रांती शिकवणे हा अन्याय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. म्हणजे उपाय कामाच्या ठिकाणीही व्हायला हवा. शवासनाने माझी झोप दीड महिन्यात सुधारली, पण सकाळी शाखेचे शटर पाहून पोटात येणारा गोळा, मी अठरा दिवसांची रजा घेतल्यावर आणि काउंटरवर दुसरी व्यक्ती आल्यावरच गेला. म्हणून आपणही आधी रजेचा अर्ज लेखी द्यावा व त्याची पोच घ्यावी.

एक सांगायचे राहिले. त्याच काळात माझे हिमोग्लोबिन 8.2 निघाले होते, म्हणजे सगळा थकवा कामाचा नव्हता. तेव्हा रक्त व थायरॉइड तपासून घ्यावे, आणि जगणेच नकोसे वाटत असेल तर योगवर्गाआधी मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. डोळे मिटल्यावर घाबरल्यासारखे होत असेल, तर शवासन डोळे उघडे ठेवूनही करता येते.