शाळेची परसबाग: तुमचे प्रश्न

आमची शाळा माण तालुक्यात. प्यायचं पाणीच टँकरचं, बाग कशी करू? – एक मुख्याध्यापिका

ताई, रोपं आणण्याआधी आठवडाभर फक्त पाणी कुठे सांडतं ते मुलांना बघायला लावा. पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गाच्या रीतीने आखलेल्या टिकाऊ बागेची, सुरुवात तिथूनच होते. पोषण आहारानंतर ६० मुलांनी हात-ताटं धुतली, माणशी एक लिटर धरा, तरी रोजचं ६० लिटर झालं. त्या पाण्याच्या वाटेवर तीन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या. काटक्या, पाचट, पालापाचोळा ठासून भरा आणि काठाने तीन-चार केळी लावा. पाणी पाचोळ्याखालीच मुरलं पाहिजे, उघडं साचलं तर डास होतील. पालेभाजीला मात्र हे पाणी नको.

पत्र्यावरचं पाणीही वाया घालवू नका. १०० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटरची एक सर पडली की जवळजवळ २,००० लिटर मिळतं. पन्हळीने ते वाफ्यांच्या वरच्या अंगाच्या चरात सोडा.

मे महिन्यात सगळं वाळतं. दरवर्षी नव्याने सुरुवात. – एक शिक्षक, जालना

मग मे महिन्यासाठी भाजी लावूच नका. जूनमध्ये भेंडी, गवार, चवळी. दिवाळीच्या सुमाराला मेथी, पालक. मार्चअखेर वाफे मोकळे करून वर वीतभर पाचोळा पसरा. सुट्टीत तग धरतील ती झाडं वेगळी: शेवगा, कढीपत्ता. शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की फुटते. लाकूड ठिसूळ असतं आणि मुलं चढणारच, म्हणून दरवर्षी छातीइतक्या उंचीवर छाटा. पालाही हाताशी येतो, खिचडीत घालायला.

शेळ्यांचं काय करावं? – एक पालक

अडुळसा आणि निरगुडीचं दाट कुंपण करा. शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. पहिलं वर्ष बाहेरून बाभळीच्या काटेरी फांद्या रचा. कुणी शेर, कण्हेर किंवा एरंड सुचवेल. शेतात चालतात, शाळेत अजिबात नकोत. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. कण्हेर सगळीच विषारी, एरंडाच्या बियाही. आणि पहिलीतलं मूल बी दिसलं की तोंडात घालतं. आधीच लावलेली असतील तर या सुट्टीत मोठ्या माणसांनी हातमोजे घालून मुळासकट काढा. तो पाला जाळू नका, खड्ड्यातही टाकू नका.