नकाशावर ‘५डी’ लिहायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गटाने डिस्टोएक्स (अंतर, दिशा आणि उतार एकत्र मोजणारं लेसर यंत्र) घेतला आहे, मेघालयात चुनखडीच्या गुहेची मोजणी करायची आहे, आणि यंत्राची अचूकता अर्ध्या अंशाची असल्याने नकाशावर थेट ‘ग्रेड ६’ लिहायचं का? शिवाय आकड्यापुढच्या अक्षराचा अर्थ काय?

नाही, ६ लिहू नका. बहुतेक वेळा ५ लिहायचा हक्कही कमवावा लागतो. ग्रेड यंत्राला मिळत नाही, मोजणीच्या पद्धतीला मिळतो. दहा वर्षं जुना सुन्टो कंपास आणि फायबरची टेप घेऊन नीट काम करणारे तिघे ५ गाठतात आणि नवाकोरा डिस्टोएक्स घेऊन घाई करणारे तिघे ३ वर राहतात.

आपल्याकडे सर्रास वापरली जाते ती ब्रिटिश केव्ह रिसर्च असोसिएशनची, म्हणजे बीसीआरएची श्रेणी. ग्रेड १ म्हणजे मापं न घेता काढलेलं स्केच. ग्रेड ३ म्हणजे ढोबळ चुंबकीय मोजणी: आडवे-उभे कोन ±२.५ अंश, अंतर ±५० सेंमी, स्टेशनच्या (मोजणीच्या बिंदूच्या) जागेची चूक ५० सेंमीच्या आत. ग्रेड ५ ला कोन ±१ अंश, अंतर जवळच्या सेंटिमीटरपर्यंत नोंदलेलं आणि स्टेशनची जागा १० सेंमीच्या आत निश्चित. ग्रेड ६ ला कंपास आणि क्लिनो (उतार मोजणारं यंत्र) दोन्ही ±०.५ अंश आणि स्टेशन ±२.५ सेंमी. २ आणि ४ हे मधले आकडे मुद्दाम ठरवून गाठायचे नाहीत. वरच्या ग्रेडसाठी काम सुरू केलं, पण गुहेतल्या परिस्थितीमुळे एखादी अट सुटली आणि पुन्हा जाऊन मोजणं शक्य नाही, एवढ्यापुरतेच ते आहेत. ‘आम्ही ग्रेड ४ ची मोजणी करणार आहोत’ हे वाक्य त्यामुळे मुळातच चुकीचं. एक्स हा ग्रेड थिओडोलाइट (तिपाईवरची कोन मोजणारी दुर्बीण) किंवा टोटल स्टेशनने (अंतरही मोजणारा इलेक्ट्रॉनिक थिओडोलाइट) केलेल्या कामाचा, आणि तो ६ च्या वर आपोआप बसत नाही. नकाशावर यंत्र, पद्धत आणि ३, ५ किंवा ६ च्या तुलनेत अंदाजे अचूकता लिहावी लागते. सराव नसलेल्या हातात टोटल स्टेशनच्या कामातही गंभीर चुका होतात, असा इशारा मूळ टिपांतच आहे.

६ तुमच्या आवाक्यात का नाही, ते २.५ सेंमीच्या अटीवरून कळतं. ती पाळायला प्रत्येक स्टेशनवर तिपाई किंवा छतात बसवलेला पक्का हूक लागतो. हातात धरलेलं यंत्र, कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला माणूस आणि भिंतीवरच्या खुणेपर्यंत ताणलेला हात यातून २.५ सेंमी निघत नाही. डिस्टोएक्सचा कोन अर्ध्या अंशाचा आहे, हे खरं. स्टेशनची जागा तो ठरवत नाही.

हा स्टेशनचा मुद्दा नवीन गट सगळ्यात हलक्यात घेतात. १ अंशाची चूक १० मीटरच्या लेगवर (दोन स्टेशनांमधल्या मोजलेल्या टप्प्यावर) आडवी साडेसतरा सेंमी होते, ५ मीटरच्या लेगवर पावणेनऊ. म्हणजे साधारण ५.७ मीटरपेक्षा आखूड लेगमध्ये स्टेशनची १० सेंमी चूक कंपासच्या एका अंशापेक्षा मोठी ठरते. ३ मीटरच्या लेगवर १० सेंमी सरकलात की कोनात १.९ अंशांचा फरक पडला. वळणावळणाच्या अरुंद गुहेत सगळे लेग ३-४ मीटरचेच असतात, आणि तिथेच लोक ‘इथून, साधारण या दगडावरून’ म्हणत मोजतात. स्टेशन म्हणजे एक बिंदू: दगडाचं टोक, लवणस्तंभाशेजारच्या साध्या खडकावरची बारीक खूण, पेन्सिलचा ठिपका. लवणस्तंभावर किंवा स्फटिकांवर खूण करायची नाही, हे वेगळं सांगायला नको. मागचा माणूस ज्या बिंदूवर नेम धरतो त्याच बिंदूवरून पुढचा लेग सुरू झाला पाहिजे. यंत्र त्या बिंदूभोवतीच्या १० सेंमी व्यासाच्या गोलात असलं पाहिजे, म्हणजे बिंदूपासून फार तर ५ सेंमीवर. डोकं शिरत नाही म्हणून बाजूला अर्धा मीटर सरकून घेतलेला कंपास ५ मध्ये बसत नाही. अशा ठिकाणी स्टेशनच हलवा.

आता चुकांचे प्रकार. मला विचाराल तर सगळी ग्रेडची चर्चा इथेच मिटते. पहिली चूक यादृच्छिक: कधी डावीकडे, कधी उजवीकडे, हाताचा कंप, वाचनातला थोडा फरक. ती लेगच्या संख्येच्या वर्गमूळाने वाढते. दहा-दहा मीटरचे १०० लेग, प्रत्येकात साडेसतरा सेंमी, तर किलोमीटरअखेर चूक साधारण पावणेदोन मीटर. दुसरी चूक पद्धतशीर: कंपासच १ अंश जास्त दाखवतो. ती एकमेकींना खोडत नाही, बेरीज होत जाते, आणि त्याच किलोमीटरअखेर तुम्ही साडेसतरा मीटर बाजूला असता, दसपट. बीसीआरए ५ साठी यंत्रांचं कॅलिब्रेशन (यंत्राची स्वतःची चूक शोधून दुरुस्त करणं) अनिवार्य आहे ते याच कारणाने.

यात एक फसवा भाग आहे. लूप म्हणजे फिरून पुन्हा पहिल्याच स्टेशनवर येणारी मोजणी. ‘आमचा लूप ३० सेंमीत बंद झाला, म्हणजे मोजणी चांगली’ असं सारखं ऐकायला मिळतं. कंपास सगळीकडे सारखाच १ अंश चुकत असेल तर सगळा लूप १ अंशाने फिरतो आणि तरीही अगदी व्यवस्थित बंद होतो. टेप ताणली जाऊन प्रत्येक माप त्याच प्रमाणात चुकत असेल तर सगळा लूप आकाराने लहान-मोठा होतो, आणि तोही बंद होतो. क्लिनोची शून्य-चूक मात्र लूपमध्ये पकडली जाते: सगळे लेग एकाच दिशेने वाचले तर ३०० मीटरच्या लूपमध्ये १ अंशाच्या चुकीने उंचीत सव्वापाच मीटरचा फरक येतो. पण तुम्ही आलटूनपालटून पुढे-मागे वाचत असाल तर ती चूक जोडीजोडीने खोडली जाते. नकाशाच्या दृष्टीने ते चांगलंच, पण तपासणी म्हणून त्या लूपचा उपयोग गेला. थोडक्यात, लूप ढोबळ चुका पकडतो, कॅलिब्रेशनची खात्री देत नाही.

कॅलिब्रेशन करायचं कसं? क्लिनो सोपा. दोन झाडांवर डोळ्याच्या उंचीवर खुणा करा, अ वरून ब वाचा, ब वरून अ वाचा. +६ आणि −४ आले तर बेरीज +२, निम्मी +१, म्हणजे क्लिनो १ अंश वर वाचतो. सगळ्या वाचनांतून १ वजा. कंपासला ही युक्ती चालत नाही, कारण पुढचं-मागचं वाचन दोन्ही सारखंच चुकतं आणि फरक १८० च राहतो. तिथे माहीत असलेली दिशा लागते. दोन बिंदूंचे जीपीएस निर्देशांक घेऊन दिशा काढा, पण बिंदू लांब हवेत. दोन्ही टोकांना ५-५ मीटरची चूक धरली तर १ किमीवर सुमारे ०.४ अंश अनिश्चितता येते, ३ किमीवर ०.१३. गुहेच्या तोंडाजवळून दिसणारा लांबचा मनोरा निवडा. मोटारी, लोखंडी कुंपण, विजेच्या तारा यांपासून दूर. प्रत्येक यंत्र, प्रत्येक वाचणाऱ्या माणसाने, आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर. माणसागणिक फरक पडतो, विशेषतः दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचणाऱ्यांमध्ये. युरोपात घेतलेला कंपास असेल तर तबकडी आपल्याकडे तिरकी होऊन घासते का, तेही बघा. चुंबकीय रेषांचा उतार इथे वेगळा आहे आणि कंपास विभागानुसार तोललेले असतात.

डिस्टोएक्सचं कॅलिब्रेशन वेगळं: १४ दिशा, प्रत्येक दिशेत यंत्र ४ बाजूंनी फिरवून, एकूण ५६ शॉट (लेसरने घेतलेली मापं). सॉफ्टवेअर सरासरी चूक दाखवतं. ती अर्ध्या अंशाच्या खाली आली पाहिजे, नसेल तर पुन्हा करा. बॅटरी बदलली की कॅलिब्रेशन संपलं असं समजा, कारण बॅटरी स्वतः चुंबकीय असू शकते. हे लोक विसरतात, आणि मग मोहिमेच्या मध्यापासूनचे सगळे लेग एका बाजूला वळलेले सापडतात. आत शिरण्यापूर्वी एक सोपी चाचणी करा: एकाच लेगचे चार शॉट घ्या, पडदा वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. चारही १ अंशाच्या आत जुळले पाहिजेत. आतमध्ये प्रत्येक लेगला तीन जुळणारे शॉट घ्या. टोपोड्रॉइडसारखं ॲप ते आपोआप लेग म्हणून ओळखतं. वाचताना डोक्यावरचा दिवा, पोलादी कॅराबिनर, चुंबकाच्या झाकणाचा फोन दूर ठेवा. फोन सगळ्यात वाईट, कारण नोंद त्यावरच करायची असते आणि तो हातात यंत्राशेजारीच असतो.

तिसरी चूक ढोबळ, म्हणजे सरळ सरळ घोटाळा. टेप-कंपासच्या कामात याचे ठरलेले प्रकार आहेत. १२.४० चं २.४० होणं. दिशा उलटी वाचणं, १८० चा फरक. पट्टीवरच्या ५० च्या चुकीच्या बाजूने मोजून ५३ ऐवजी ४७. क्लिनोचं चिन्ह उलट. आणि सुन्टो पीएम-५ या क्लिनोमध्ये अंशांशेजारीच टक्क्यांची पट्टी असते, तिथून वाचणं: १० अंशांचा उतार १७.६ म्हणून वहीत जातो. उपाय एकच: वाचणारा मोठ्याने सांगतो, वही सांभाळणारा आकडा परत म्हणतो, आणि मगच लिहितो. जिथे लूप नाही तिथे पुढचं आणि मागचं दोन्ही वाचन घ्या. २ अंशांपेक्षा जास्त फरक आला की तिथेच थांबा.

लूपची चूक टक्क्यांत सांगायची पद्धत मला पटत नाही. ४० लेगचा ३०० मीटरचा लूप घ्या, सरासरी लेग ७.५ मीटर. कंपासचे १३ सेंमी आणि स्टेशनचे १० सेंमी एकत्र केले तर लेगमागे सुमारे १६, आणि ४० च्या वर्गमूळाने गुणलं की १ मीटरच्या आसपास. म्हणजे मीटरभर चूक ग्रेड ५ ला शोभणारी. ४ मीटर आली तर ती यादृच्छिक नाही, कुठेतरी घोटाळा आहे. तो शोधल्याशिवाय सर्वेक्स किंवा थेरियन या गुहा-नकाशाच्या सॉफ्टवेअरला लूप समायोजित करू देऊ नका. नाहीतर एका लेगमधला घोटाळा सॉफ्टवेअर ४० चांगल्या लेगांमध्ये वाटून टाकतं, आणि मग तो सापडणं कठीण होतं. टक्के का नकोत, तर चूक वर्गमूळाने वाढत असल्याने लांब लूपचा टक्का आपोआप कमी दिसतो. ३ किमीच्या लूपला १ टक्का म्हणजे ३० मीटर, ग्रेड ५ च्या हिशोबात ती भयंकर चूक आहे.

अक्षराबद्दल. ते भिंती, छत, दगडगोटे, ओढे या तपशिलाचं आहे. ए: आठवणीवरून. बी: गुहेतच अंदाजाने नोंदलेलं. सी: फक्त स्टेशनवर मोजलेलं. डी: स्टेशनवर आणि शिवाय जिथे जिथे रुंदी, आकार किंवा दिशा बदलते तिथेही मोजलेलं. तपशील रेषेच्या अचूकतेशी सुसंगत हवा, म्हणून ठरलेल्या जोड्याच चालतात: १ए, ३बी किंवा ३सी, ५सी किंवा ५डी, ६डी. एक्सला मात्र चारही अक्षरं चालतात. ५बी लिहिलेला नकाशा दिसला तर लिहिणाऱ्याने टिपा वाचलेल्या नाहीत एवढं कळतं. डिस्टोएक्समुळे डी खूपच सोपा झाला आहे. भिंतीवर, छतावर, कोपऱ्यांवर आडवेतिडवे शॉट मारले की झालं. पण शॉट म्हणजे स्केच नव्हे. दोन शॉटच्या मधली भिंत कशी वळते, जमीन गाळाची की दगडांची, हे वहीत किंवा पडद्यावर तिथेच, मापात काढावं लागतं. १:५०० च्या नकाशात १० सेंमी म्हणजे ०.२ मिमी, पेन्सिलच्या रेघेपेक्षाही कमी. त्यामुळे स्केच काढणाऱ्याने सेंटिमीटरच्या मागे लागून वेळ घालवू नये.

सह्याद्रीत सराव करणार असाल तर एक खबरदारी. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि लाव्हा नळीत किंवा कातळात कंपास एखाद्या स्टेशनवर काही अंश भरकटू शकतो. चुनखडीत हा त्रास नसतो. पुढचं-मागचं वाचन न जुळण्याचं प्रमाण अचानक वाढलं तर खडकावर संशय घ्या. एकाच स्टेशनवरून घेतलेल्या सगळ्या दिशा सारख्याच भरकटतात, म्हणून दोन दिशांमधला कोन तरीही बरोबर असतो. त्या कोनावरून पुढे जाता येतं. पण असं काम नकाशावर ५ म्हणून मिरवायचं नाही.

नकाशावर ‘बीसीआरए ५डी’ असं संस्थेच्या नावासकट लिहा. आंतरराष्ट्रीय गुहासंघटना यूआयएसची श्रेणी निराळी आहे, आणि बीसीआरएच्या आधीच्या केव्ह रिसर्च ग्रुपच्या जुन्या नकाशांवरचे आकडेही तसेच वाचायचे नाहीत. मुख्य प्रवाह ५डी आणि चिखलातला सरपटत जायचा फाटा ३सी असेल तर दोन्ही वेगवेगळे दाखवा, सगळ्या नकाशाला ५ लावू नका. सोबत यंत्रं, कॅलिब्रेशनची तारीख, मोजणीचं वर्ष आणि उत्तर चुंबकीय आहे की खरी, हे लिहा. भारताच्या या भागांत दोन्हींतला फरक आज एका अंशाच्या आतच आहे, म्हणून लोक सोडून देतात. तो वर्षागणिक सरकतो, आणि पुढची मोजणी जोडणाऱ्याला तारखेशिवाय त्याचा हिशोब लावता येत नाही.