शिरेतून दिलेलं पोषण ‘सप्लिमेंट’ कसं?

प्रश्न (नाशिक): आतड्याला गँग्रीन झाल्याने पत्नीचं मोठं ऑपरेशन झालं. तोंडाने पाणीही बंद होतं, म्हणून शिरेतून पोषण दिलं. त्यातल्या पांढऱ्या लिपिड (स्निग्ध पदार्थाच्या) बाटल्यांचे ४३ हजार रुपये टीपीएने (विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेने) ‘न्यूट्रिशनल सप्लिमेंट’ म्हणून कापले. दाद मागता येईल का?

उत्तर: येईल, आणि तुमची बाजू भक्कम आहे. टीपीएने त्या बाटल्या थेट प्रोटीन पावडरच्या पंगतीला बसवल्या आहेत. या बाटल्यांत सोयाबीन तेल, अंड्यातलं फॉस्फोलिपिड आणि ग्लिसरीन असतं; ऐकायला स्वयंपाकघरातलं, पण आतडं काम करत नसताना रुग्ण अशा शिरेतल्या पोषणावरच तगतो. बाटलीचा फोटो असेल तर लेबल नीट बघा. त्यावर औषधाचा परवाना क्रमांक आणि बॅच नंबर सापडेल; खाद्यपदार्थावरचा एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक नसेल. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ‘अन्ना’च्या व्याख्येतून औषधं वगळलेली आहेत.

विमा नियामकाच्या ‘न देय’ यादीत बेबी फूड आहे, रुग्णाच्या आहाराव्यतिरिक्तचं खाणं आहे. शिरेतून द्यायचं औषध त्यात ओढूनताणूनच बसवावं लागेल. वगळणुकीचं कलम लागू होतं हे कंपनीने सिद्ध करायचं असतं, आणि कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर विमाधारकाच्या बाजूचा धरतात.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारा: कापाकापी पॉलिसीच्या नेमक्या कुठल्या कलमाखाली केली? सोबत सर्जनचं पत्र जोडा. ‘पोषण चांगलं व्हावं म्हणून’ असली गुळमुळीत भाषा नको. ‘तोंडावाटे आहार अशक्य, लिपिड इमल्शन हा उपचाराचा भाग’ असं स्पष्ट लिहून घ्या. इनडोअर केसपेपर आणि फार्मसीची बिलंही लावा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. नकारापासून एक वर्षाची मुदत आहे, फी नाही. तिथे वकील चालत नाही, म्हणजे माझ्या फीचाही खर्च वाचला! ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे: मुदत दोन वर्षं, दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात लावता येतो. मात्र आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत, तेव्हा आधी लोकपाल.

दरम्यान कंपनीने थोडी रक्कम देऊ करून ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही मागितली, तर ‘उरलेल्या रकमेचा हक्क राखून’ असं लिहूनच सही करा.